नाना विसरले नव्हते

सोमवार, १७ नोव्हेंबर. नरडाणा, सकाळी अकरा. हजर: नानांच्या पत्नी अक्का, मुलगा विजय, सूनबाई आणि मी. नानांना जाऊन आठ महिने झाले होते आणि माझ्या पिशवीत त्यांच्या नावाचं बँकेचं पत्र होतं. हयात असल्याचा दाखला घेऊन समक्ष भेटा, असं बँक त्यांना कळवत होती.

नानांनी बांधलेल्या, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घरात आम्ही सहा वर्षांपासून राहतो. विजयला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप काढायचं होतं, म्हणून नानांनी ते आम्हाला विकलं. व्यवहार झाला त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यांचं टपाल या पत्त्यावर येत राहील, ते आम्ही ठेवायचं. मी म्हटलं, "नाना, बँकेत पत्ता बदलून घ्या ना. एका अर्जाचं काम आहे."

"पत्ता बदलाले घर लागस, ताई," नाना म्हणाले. "मी महिना पोरगाकडे, महिना पोरकडे. पोस्टमननी माले कोठे धुंडानं?"

एक महिना नरडाण्याला मुलाकडे, एक महिना शिरपूरला मुलीकडे, असं त्यांचं आणि अक्कांचं चालायचं. मी टपालासाठी बैठकीतला एक खण मोकळा केला.

महिन्यातून एकदा ते पॅसेंजरने यायचे. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, काखेत कागदांची कापडी पिशवी. फाटकाबाहेर चपला काढायचे आणि ओट्यावर बसायचे. उंबरठा मात्र त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही ओलांडला नाही. आमचे हे गमतीने म्हणायचे, "नाना, आत या की, घर तुमचंच आहे."

"नही भाऊ. खरेदीखतवर सही कयी मी. आते बठ्ठं तुम्हनं." आणि स्वतःच हसायचे.

नोकरीभर ते एका सरकारी कचेरीत दप्तरी होते. आधी धुळ्याला, मग जळगावला. कोणती फाइल कोणत्या रॅकवर, हे साहेबांच्या आधी त्यांना ठाऊक असे. ओट्यावर बसून ते पाकीट पट्टीने सरळ फाडत, पत्र दोनदा वाचत, कोपऱ्यात तारीख घालत, आणि त्यात सांगितलेलं काम त्याच दिवशी उरकून मगच परतीची गाडी धरत. मी स्वतः शाळेच्या कार्यालयात काम करते, सगळ्याची यादी ठेवते, पण पत्र आल्याची तारीख पाकिटावरच घालायची सवय मला त्यांनी लावली. "मानूस इसरस, ताई," ते म्हणत. "कागद इसरस नही." हे ते इतक्या खात्रीने सांगत, की वाद घालावासाच वाटत नसे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा गुडघा दुखावला आणि तीन-चार महिने ते आले नाहीत. बँकेची तीन पत्रं खणात साठली. दिवाळीच्या आवराआवरीत तो खण मला पाहुण्यांच्या पांघरुणांसाठी हवा होता. नेमका पोस्टमन दारात आला. मी विचारलं, तर म्हणाला, "पाकिटं फोडली नाहीत ना? मग वर लिहा, 'येथे राहत नाहीत'. परत जातील. तुमची कटकट संपेल." मी तिन्हींवर सुवाच्य अक्षरात तसं लिहिलं आणि त्याच्या हातात दिली. खोटं काहीच नव्हतं. नाना तिथे राहत नव्हतेच.

दिवाळीनंतर ते आले. मी शाळेत निघायच्या घाईत होते. "आज काही शे का?" त्यांनी विचारलं. "नाही नाना, काही नाही," मी म्हटलं. चहा घेऊन ते गेले. त्यांची ती शेवटची फेरी.

जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "ताई, मी तुम्हना घर काही पत्रं इसरी उनू का?" मला वाटलं, वाचताना ओट्यावर कागद राहिले असतील. मी फोन तसाच धरून ओटा पाहिला, खण पाहिला, पांघरुणंसुद्धा उचलून पाहिली. "नाही नाना, इथे काहीच राहिलेलं नाही."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मार्चमध्ये ते गेल्याचं विजयने कळवलं. दहाव्याला मी जाऊन आले, पण गर्दीत अक्कांशी बोलणं झालं नाही.

ते बोलणं या सोमवारी झालं. बँकेत मृत्यूची नोंद करायला काय काय लागेल, ते मी विजयला कागदावर लिहून देत होते. तो मान हलवत म्हणाला, "बँकेचं हे सगळं बाबांनीच वेळेवर लावून ठेवायला हवं होतं. शेवटी त्यांचं डोकं काम करत नव्हतं, ताई."

"नानांचं?" मी विचारलं.

मग अक्का बोलल्या. जानेवारीत नाना पेन्शन काढायला गेले तर खातं गोठलेलं. ओळखीचे कागद नव्याने दिले नाहीत म्हणून. काउंटरवरचा माणूस संगणकात बघून म्हणाला, "आजोबा, तीन पत्रं पाठवलीत तुम्हाला. विसरलात तुम्ही." नाना भांडले नाहीत. घरी येऊन त्यांनी पिशवी चारदा उपसली. मग कुणाला तरी फोन केला. फोन ठेवून अक्कांना म्हणाले, "बँकमा नोंद शे, म्हंजे पत्रं उनातच व्हतीन. मीच इसरी गऊ."

खातं विजयने आठवड्यात सुरू करून घेतलं. पण त्या दिवसापासून पिशवी विजयकडे गेली आणि एकट्याने गाडीत बसणं बंद झालं. नाना दार लावलं का म्हणून तीन-तीनदा उठून बघायचे. गोळी घेतली का, हे अक्कांना विचारायचे. पुढे पुढे तर सुनेसमोर बोलायचेच बंद झाले, काहीतरी चुकीचं बोललं जाईल म्हणून. दोन महिने एक धडधाकट डोक्याचा माणूस आपलं डोकं गेलं असं समजून कोपऱ्यात बसून राहिला, आणि तसाच गेला.

मी यादी पूर्ण करून विजयच्या हातात दिली. मृत्यूच्या दाखल्याची प्रत, वारसाचा अर्ज, अक्कांचे फोटो. सूनबाईने चहा दिला, तो प्यायले. दुपारच्या गाडीने परत आले.

ती तीन पत्रं मीच परत पाठवली होती, असं बँकेला मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे, त्याची पोच आली. नानांचं टपाल यापुढे नरडाण्याला पाठवा, असं पोस्टात कळवून झालं. काल अक्कांना फोन लावला, वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, त्यास्ना राग मानजो नका. तुम्हले केवढा तरास दिधा. आखरी त्यास्ना ध्यानमा काहीच ऱ्हाये ना."

"राग कसला, अक्का," मी म्हटलं, आणि त्यांची तब्येत विचारली.

सांगायचं अजून राहिलंच आहे.