इनाबा-सानच्या गाडीच्या हिरड्या

जपानमधल्या शिझुओका शहराबाहेर, चहाच्या मळ्यांखाली आमच्या क्लबचा मातीचा ट्रॅक आहे. रिमोटच्या गाड्या तिथे धावतात आणि मी फेऱ्या मोजतो.

इनाबा-सान चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवत आल्या. रविवारी नवरा गोल्फला निघाला की या गाडी घेऊन ट्रॅकवर हजर. गाडी जुनी. त्या वसंतात सलग तीन रविवार तिच्या मागच्या सस्पेन्शनचा आर्म एकाच उंचवट्यावर तुटला. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा प्लॅस्टिकचा हात. तसा आता बाजारात मिळेना. मिळत होता तो ॲल्युमिनियमचा.

ओइशी-सान अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांनी ॲल्युमिनियमचे निळे आर्म कधीच बसवले होते आणि ते दिसावेत म्हणून गाडी मुद्दाम उलटी ठेवायचे.

"आता तरी धातूचे घ्या," ते म्हणाले.

"धातू हट्टी असतो. एकदा वाकला की सरळ होत नाही," इनाबा-सान म्हणाल्या. "घरी एक आहे तसा."

पुढच्या रविवारी त्यांच्या गाडीला मागे दोन गुलाबी आर्म होते.

"हे काय, हिरड्या?" ओइशी-साननी विचारलं.

"हिरड्याच. मऊ कवळीचं नायलॉन आहे. तुटका आर्म चिकटवून त्याचा साचा घेतला. आणि रात्रभर ग्लासात, पाण्यात ठेवले होते."

सगळे इतके हसले की ओइशी-सानच्या घशात डब्यातला भाताचा गोळा अडकला. बाई खरं तेच सांगत होत्या. कोरडं नायलॉन कडक होऊन तडकतं, पाणी प्यायलं की चिवट होतं. पण त्यांचा चेहरा बघून ही गोष्ट कोण खरी मानणार? मी नियमांची वही उघडली. घरी बनवलेले भाग चालत होते. रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं.

अंतिम शर्यतीत, शेवटच्या मिनिटाला दोघांच्या गाड्या वळणावर एकमेकींत अडकल्या आणि ट्रॅकच्या कडेच्या फळीवर आदळल्या. गुलाबी आर्म असा दुमडला की मी डोळेच मिटले. उघडले तर तो परत जागेवर आणि गाडी पुढे पळालेली. ओइशी-सानचा निळा आर्म मात्र वाकला तो वाकलाच. चाक आभाळाकडे बघत होतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. इनाबा-सान जिंकल्या.

बुधवारी ओइशी-सान स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन इनाबा-सानच्या कवळ्यांच्या कारखान्यात गेले. एकट्याने जायची लाज वाटत होती, म्हणून मला बरोबर नेलं.

"माझ्यापण गाडीला... ते हवं होतं," ते पुटपुटले.

"तोंड उघडा," इनाबा-सान म्हणाल्या.

आणि त्यांनी उघडलं. बाईंनी दिवा धरून शांतपणे आत पाहिलं.

"मागची दाढ कुणाला तरी दाखवून घ्या. आता गाडी द्या."

आठवड्याने आर्म तयार झाले. दोन्हींत मधोमध एकेक पांढराशुभ्र सुळा बसवलेला.

"हा कशाला?"

"मागून येणाऱ्यांना धाक राहावा म्हणून."

ओइशी-साननी सुळे घासून काढायचं ठरवलं होतं. काढले मात्र नाहीत. जूनच्या शर्यतीत त्यांनी इनाबा-सानना पुरी एक फेरी मागे टाकलं.

"परत मोजा," बाई मला म्हणाल्या.

मी परत मोजलं. तेवढंच आलं. पुढचे दोन रविवार त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.