करंजीचा आकडा

समुद्रावरून परत आलं की गाडीत महिनाभर वाळू सापडत राहते. आमच्या लॅबचे किस्से तसेच आहेत. संपले म्हणावं, तर एखाद्या पार्टीत कुणीतरी विचारतं, "तू नक्की काय काम करतेस गं?" आणि मी सुरू होते.

तर, मी टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या एका लॅबमध्ये आहे. आमच्या बॉस संघमित्राताई, मूळच्या नागपूरच्या. म्हणजे जिथून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच! समुद्रात मिसळलेली 'फॉरएव्हर केमिकल्स' मोजायची, हे आमचं काम. ही एकदा अंगात शिरली की सहजी निघत नाहीत. माशाच्या नाही, डॉल्फिनच्या नाही, तुमच्या-माझ्याही नाही. ताईंचं एकच मागणं आहे. रिटायर व्हायच्या आत एकदा तरी त्यांना या केमिकल्सचा आकडा खाली आलेला बघायचाय.

*

मिहिर पुण्याहून पीएचडीला आला. बोटीवरच्या पहिल्याच दिवशी स्वारी नवंकोरं वॉटरप्रूफ जॅकेट घालून हजर. ताईंनी त्याला धक्क्यावरच थांबवलं.

"छान आहे जॅकेट. आपण हेच शोधायला चाललोय."

पाणी न धरणाऱ्या बऱ्याच कपड्यांत हीच केमिकल्स असतात. त्यांचा अंश आमच्या बाटलीत गेला की सँपल वाया. म्हणून आम्ही धुऊन धुऊन विटलेले सुती कपडे घालतो. मिहिरच्या वाट्याला माझ्या नवऱ्याचा जुना टी-शर्ट आला. दुपारी पाऊस कोसळला आणि सगळं शास्त्रज्ञमंडळ कुडकुडत बसलं.

*

माझा नवरा केमिकल प्लँटमध्ये इंजिनिअर आहे. जवळच्या शुगर लँड गावात एका मराठी घरी जेवताना एक काका म्हणाले, "मग तुमची घरी भांडणं होत असतील!"

"कशाला होतील, काका? मी बनवतो, ही शोधते. दोघांनाही काम पुरतं."

सगळे हसले. घरी येताना गाडीत मात्र त्याने विचारलं, "या वर्षी खाडीतला आकडा किती आला गं?"

*

एकदा ताईंनी एक डबा आणला. आत तपकिरी, मेणचट कांडी. फार वर्षांपूर्वी मेलेल्या एका देवमाशाच्या कानातला मळ! घरी सांगितलं तर माझी लेक ओरडली, "ईऽऽ मॉम, दॅट्स सो ग्रोस!"

लॅबमध्ये मिहिरही हसत होता. ताईंनी कांडीचा काप दिव्याखाली धरला. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं. "ही बाळपणाची. तेव्हाची केमिकल्स इथे आहेत. हे वलय मोठेपणचं. जन्मभर ज्या पाण्यात पोहला, ते सगळं याच्या कानात साठलंय."

मिहिरचं हसू थांबलं. कांडी धरायचा माझा नंबर आला तेव्हा हातात ग्लव्ह्ज घालायचेच होते, तरी मी आधी हात स्वच्छ धुऊन आले.

*

मग आम्ही खूप आत, खोल समुद्रात गेलो. चहूकडे निळंशार पाणी, ना जहाज, ना पक्षी. इथलं पाणी तरी शुद्ध निघेल, अशी आमची खात्री होती. नाही निघालं. थोडंसंच, पण होतं.

मिहिर हिरमुसला. "पण ताई, इथे तर कुणीच येत नाही यार!"

ताई म्हणाल्या, "आपण नाही येत. आपलं येतं."

*

आता करंजी. ही आमच्या खाडीतली डॉल्फिन. तिच्या पाठीवरच्या पराची कड कातणाने कापल्यासारखी आहे, म्हणून ताईंनी हे नाव ठेवलं. दर वर्षी तिच्या कातडीचा नखाएवढा तुकडा आम्ही तपासतो, आणि दर वर्षी आकडा चढतो.

या वर्षी तो धाडकन उतरला.

मिहिर नाचायचाच बाकी होता. "ताई, समुद्र साफ होतोय!" मी पिझ्झा ऑर्डर केला. ताईंनी टेस्ट परत करायला लावली. तोच आकडा. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या डॉल्फिनचे?"

बाकीच्यांचे होते तिथेच होते.

ताई खुर्चीत बसल्या. "तिला पिल्लू झालंय. दुधातून सगळं त्याच्याकडे गेलं. पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त जातं. पुष्कळदा ते जगत नाही."

सँपल घेतलं त्या दिवशी लाटा उंच होत्या, घोळका मोठा होता. तिच्याजवळ पिल्लू कुणालाच दिसलं नव्हतं. पिझ्झा आला, कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडी पिंजून काढली. दुपारी ती कडेला कातलेली पाठ वर आली. एकटीच. ताईंनी दुर्बीण खाली केली नाही. मग करंजीच्या अगदी अंगाशी एक इवलीशी पाठ वर आली, फुस्सकन श्वास सोडून बुडाली. मिहिरच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

कॅप्टनने इंजिन बंद केलं. पिल्लू दूध प्यायला आईच्या पोटाखाली शिरलं. "लुक," तो हळूच म्हणाला, "ही इज हंग्री."

बोटीवर आवाज केला तर आम्हाला झापणाऱ्या ताई मोठ्यांदा म्हणाल्या, "पी रे बाळा, पी!"

आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.