सीताफळाच्या मशीनची चाळणी

खून, दरोडे, पळवापळवी, सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं आता विसरलो. एका चाळणीची चोरी मात्र विसरत नाही. ती आठवली की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

तेव्हा आष्टी तालुक्यातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. सकाळच्या हजेरीनंतर एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा अपघातात गेलेला, घरात ती आणि सासरा, दोघंच. घरामागच्या पत्र्याच्या शेडात तिने सीताफळाचा गर काढायचं मशीन बसवलं होतं. धंदा असा चालला, की लघुउद्योगाच्या सरकारी योजनेत तिला बीडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा मिळायचा होता. चार दिवसांनी अधिकारी चालू मशीन बघायला येणार, आणि अर्जाच्या आदल्या दुपारी मशीनची स्टीलची चाळणीच गेली. अर्धं काम टाकून ती तालुक्याला गेली होती, सासरा म्हणे शेतात होता. नवी चाळणी यायला पंधरा दिवस.

"साहेब, मशीन बंद दिसलं की माझं नाव कटलं," ती म्हणाली. "फळं तर आत्ताच पिकून फुटायलीत."

जागेची पाहणी मीच केली, पण हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. बाईने दुसऱ्याला काम दिलं म्हणून तिचा जुना मेकॅनिक खार खाऊन होता. शिवाय ती चाळणी कशी खोलायची, हे त्याला चांगलं ठाऊक. आणला त्याला. दोन तास आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. आमच्या खात्यात याला विचारपूस म्हणतात. गडी हलेना. शेवटी वैतागून म्हणाला, "सायेब, म्या नेली असती तर मशीन धुवत बसलो असतो व्हय?"

"धुवत म्हणजे?"

"काल अडली तवा बाईनं मलाच बोलावलं, नवी चाळणी मिळंल का म्हणून. तवा पाहिलं. अर्ध्या कामात सोडलेलं मशीन, पण आत गराचा थेंब न्हाई. मुंग्या लागतील म्हणून कुणीतरी लई निगुतीनं धुतलंय."

मशीन लखलखीत होतं, हे मलाही दिसलं होतं. त्यावर ठसे मिळाले नाहीत म्हणून मी चिडलो होतो. चोर कुठे धुणंभांडी करून जातो? चोरी कळल्यापासून मशीनला कुणी हात लावला नाही, असं बाईच म्हणाली होती. आणि त्याआधी सासरा शेतात, सून तालुक्याला, तर धुतलं कुणी? मेकॅनिकला चहा पाजून सोडलं. माफी मागायला हवी होती, ती काही मागितली नाही.

मी गेलो तेव्हा सासरा शेडात बादली घेऊन तेच बंद मशीन पुसत होता. रोजचं काम त्याचंच. मी बाजेवर बसलो. इथे आवाज चढवायची गरज नव्हती.

"बाबा, चाळणी कुठाय?"

"कडब्याच्या गंजीत हाय." फडका पिळत म्हणाला, "धोतरात गुंडाळलीय. वाकली न्हाई कुठं."

"असं का केलंत?"

"ती बीडला चालली. ह्या घरात म्या एकट्यानं काय भिताडाशी बोलावं?"

सून दारात येऊन उभी राहिली होती. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "मामा, चला म्हणलं व्हतं की मी तुमाला. तुमीच न्हाई म्हणलात."

"एकदा म्हणलीस. एका बोलावण्यात कुणी उठून निघतं व्हय? पाव्हण्याला चहासुदिक तीनदा इचारत्यात."

तिने गंजीतून चाळणी काढून आणली आणि मशीनला बसवायला घेतली. नट आवळता आवळता म्हणाली, "तिकडं मशीन कोण धुईल? चला."

"बघू."

"बघू न्हाई. चला म्हणते ना."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. वस्तू घरातच मिळाली, तक्रार नाही, असा तिचा जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला. पुढे गाळा मिळाला आणि म्हातारा बीडला गेला.

आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. मुलाला मात्र ते सांगायचं राहिलं. माझ्या निवृत्तीनंतर बायको गेली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, पुण्याला चला." मी म्हणालो, "मला इथेच बरं." सरळ मनाचा मुलगा, त्याने माझा शब्द मानला. पुन्हा विचारलं नाही.

दोन खोल्यांत दिवस जाता जात नाही, हे आता लपवत नाही. मला यायचंय, एवढं सांगायला रोज फोन लावतो. जेवलास का म्हणून विचारतो आणि ठेवून देतो.