राणीची गाठ तपासून घेऊ की नको?

वाडीकर मंडळींनो, सगळ्यांनी वाचावं म्हणून हा कागद विहिरीपाशी लावतेय.

आमच्या राणी कुत्रीच्या पोटाला लिंबाएवढी गाठ आलीय. आज तिला परळला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "प्लेगची नाही, बाई. पण तुकडा कापून तपासायला हवा. थोडे दिवस इथेच ठेवा."

ते ऐकून मी दोरी घट्ट धरली. गेल्या महिन्यात माझ्या भावाला प्लेगच्या इस्पितळात नेलं, तेव्हाही 'थोडे दिवस'च म्हणाले होते. आम्हाला त्याची राखसुद्धा मिळाली नाही.

राणी मात्र डॉक्टरचा हात चाटत होती. मी तिला ओढत घरी आणलं.

तुमच्यापैकी कुणाचं नेलेलं माणूस परत आलंय का? एक जरी आलं असेल तर सांगा. राणीला उद्याच नेते.