सुलूच्या नावाचं ताट

लग्नानंतरच्या सहा वर्षांत लवूने सुलूसाठी स्वतःहून काही आणलं ते एकदाच. स्टीलचं ताट, वाटी आणि पेला. तिन्हींवर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सौ. सुलू'. भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात तो पॉलिशच्या कामाला होता. घरातल्या बाकी भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, ते जाऊन दहा वर्षं झाली तरी. सुलूने ताट पदराने पुसलं आणि तीनदा वाचलं.

ते वर्ष, पंचाहत्तर साल, तिला वाईटच गेलं होतं. मोठ्या आतड्यात व्रण, शौचावाटे रक्त. मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ह्या गोळ्यांनी आतडं शांत होईल, पण अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होईल. घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी यांना जपा. बारीक फोड आला तरी दाखवायला या. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि हे आतड्याचं दुखणं कुणाला लागत नाही, घाबरू नका." लवूने मान डोलावली.

रक्त थांबलं. चेहरा मात्र पुरीसारखा फुगला आणि बारीकसारीक दुखणी पाठ सोडीनात. रांजणवाडी बरी झाली की नखुरडं, ते बसलं की मानेवर फोड. विळीवर बोट जरासं कापलं, तर पंधरा दिवस पिकत राहिलं.

"गाल बघा कसे वर आलेत! आणि रोज नवी पट्टी," सासूबाई, विमलाबाई म्हणायच्या. सुलू ऐकून घ्यायची. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, एवढं तिला पुरे होतं.

श्रावणात घरी सत्यनारायण झाला. शेजारची चंपा वाढायला आली होती. ऐनवेळी एक पाहुणा वाढला, तशी तिने फळीवरचं सुलूचं ताट उचललं.

"अगं बाई, ते नको!" विमलाबाई ओरडल्या. "हिचं दुखणं लागतं माणसाला. नाव काय हौसेनं घातलंय होय? लवूच म्हणाला, आई, तिची भांडी वेगळी करतो, म्हणजे आपल्याला भीती नको."

चंपाने ताट चटका बसल्यासारखं खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून.

पाहुणे गेल्यावर सुलूने विचारलं, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आई रोज टोकायची, कसले फोड, कसले फोड. तिला काय आतडी शिकवत बसू? वेगळी भांडी म्हटल्यावर गप्प झाली." तो सदऱ्याची गुंडी चाळवत राहिला. "शिवाय डॉक्टर पण चुकतातच की."

मग तिला आठवलं. ताट आणल्यापासून तिच्या पेल्यातलं पाणी तो एकदाही प्यायला नव्हता.

आठवड्याने लवू कारखान्यातून आला तो शिंकतच. जेवायला बसला तर ताटात सासऱ्यांच्या नावाखाली खिळ्याने ठोकलेली वेडीवाकडी टिंबं होती. लवू. पेल्यावरही तेच.

"हे काय गं?"

"सर्दी झालीय तुम्हाला," सुलूने आपलं ताट दाराजवळ ओढून घेतलं. "माझं तुम्हाला लागत नाही. तुमचं मला लागतं. सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात."