सुकवाराची चिमणी

आमच्या कॉलनीच्या बागेत माळीकाम करणारी सुकवारा छत्तीसगडची. नवऱ्याला फौंड्रीत काम मिळालं म्हणून ती कोल्हापुरात आली, येताना गावचं बियाणं घेऊन. यंदा तिने बागेतल्या मोकळ्या वाफ्यात हिरवा भात लावला आणि मधोमध जांभळ्या पानांचा. आमच्या गच्चीवरून बघितलं की त्यात मोठी जांभळी चिमणी दिसायची. नुसत्या दोरीने आणि काठीने तिने ती आखली होती!

गणपतीच्या आधी बागेचा मुकादम आला.

"मावशी, हे गवत उपटा की. हितं झेंडू लावायचा हाय."

"गवत नाही, भात आहे. चिमणीचं पोट भरलं की काढते."

"चित्रातली चिमणी जेवती व्हय?"

मी त्याला गच्चीवर नेलं. त्याने कठड्यावरून वाकून बघितलं. "दिवाळीपतोर ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

काल कापणी झाली. तिच्या गावी नव्या भातातला वाटा पाखरांना देतात. सुकवाराने लोंब्यांच्या झालरी विणून कुंपणाला टांगल्या आणि आज सकाळी तिथे खऱ्या चिमण्या जमल्या.

माझी लेक मधुवंती पुण्यात नोकरीला गेल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तिच्यासाठी एक झालर मागून घेतली आणि आजच पुण्याच्या बसने पाठवली. तिच्या खिडकीशी चिमण्या येतात का, ते उद्या विचारीन.