भाकरीची रांग

काल एका लग्नात नाचणीच्या भाकरीसाठी ही भली मोठी रांग होती. पैठण्या नेसलेल्या बायका ताटल्या धरून उभ्या, आणि चुलीपाशी बसलेली बाई मान वर न करता भाकऱ्या थापत होती. मीही रांगेत शिरले.

मी नवी सून असताना आई कोकणातून अशाच भाकऱ्या फडक्यात बांधून आली होती. चार महिन्यांत मडम झालेली मी तिच्या कानाशी लागले, "आई, आमच्यात असलं कुणी खात नाही." आमच्यात म्हणे. काय तो तोरा.

"बरं बाई," आई म्हणाली, "मी परतीच्या गाडीत खाईन."

कोण काय खातो ते बघून त्याला कुठे बसवायचं, हे माणसं पूर्वापार ठरवत आली आहेत. त्यात नाचणीचं मत कुणी विचारत नाही.

माझी पाळी आली. "तुम्ही जेवलात का हो?" मी त्या बाईला विचारलं.

"आमचं मागल्या अंगाला, समद्यांचं उरकल्यावर. घ्या आजी, गरम हाय."

साठ वर्षांनी शहाणी झालेल्या मी ताटली पुढे केली.